अंड्याशिवायचे वॉफल

आमच्या घरात वॉफलचं मशीन पहिल्यांदा आलं, तेव्हा अम्मीने खोक्यावरचं चित्र निरखून विचारलं, "वेफर्सां बनाने को मशीन कायकू? किसनी है ना घर में."

अम्मीचं अगदीच चुकत होतं असं नाही. आपल्याकडे वेफर्स म्हटलं की बटाट्याचे नाहीतर केळ्याचे. पण भाषेच्या मास्तरला असा प्रश्न विचारला की त्याला गप्प बसवत नाही. मी तिला सांगितलं की वेफर आणि वॉफल हे शब्द एकाच घरातले आहेत. डच भाषेत 'वाफल' म्हणतात, तिथून तो इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी मधमाशांच्या पोळ्याचा आणि विणण्याचा अर्थ आहे. चौकोनी खळगे बघितले की पोळं आठवतंच. गंमत म्हणजे मराठीतही मधाचं ते पोळं आणि ताटातली ती पोळी, असे जवळजवळचे शब्द आहेत. त्यांचं नातं आहे की नुसतं साम्य, यात मी शिरलो नाही, कारण तोवर अम्मी तस्बीह घेऊन आतल्या खोलीत गेली होती. इंग्लंडमध्ये 'वॉफल करणं' म्हणजे पाल्हाळ लावणं, असाही अर्थ आहे. तो मी घरात कुणालाच सांगितला नाही.

मी एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. खालच्या वर्गांना कधी उर्दूही शिकवतो. आम्ही सोलापूरचे. घरात दखनी बोलतो, नमाज अरबीत, वर्तमानपत्र मराठी, आणि शेजारच्या आजी तेलुगूतून भांडतात. आमच्या दखनीतला 'नक्को' हा मराठीच्या 'नको'वरूनच आलाय, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि पोरं दरवर्षी हसतात.

मशीन आणलं ते लेकीसाठी. ती दहावीपर्यंत उर्दू माध्यमात, आमच्याच मोहल्ल्यातल्या शाळेत शिकली. गेल्या जूनमध्ये अकरावी सायन्सला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात गेली. तिच्या वर्गात स्कार्फ बांधणारी ती एकटीच. पहिले दोन महिने घरी आली की जेवायची आणि झोपायची. कॉलेज कसं आहे विचारलं तर म्हणायची, "ठीक है." मग एक दिवस तिने स्वतःहून सांगितलं की क्लासच्या बाजूला वॉफलचं दुकान आहे, मुली तिथे जातात. ती एकदा गेली होती. एका वॉफलचे दीडशे रुपये ऐकून 'भूक नाही' म्हणाली आणि नुसती बसून राहिली.

बाप म्हणून हे 'भूक नाही' मला लागलं. त्याच आठवड्यात मी मशीन घेऊन आलो.

पहिले चार रविवार

पहिल्या रविवारचे वॉफल मी अजून विसरलेलो नाही. बाहेरून करपलेले, आतून चिवट. लेकीने एक तुकडा चावला, बराच वेळ चावत राहिली आणि म्हणाली, "अब्बा, ये नान है."

चूक माझ्या हाताची होती. आमच्याकडे पीठ म्हटलं की मळायचं, तिंबायचं, गुठळी दिसली की मोडायची. मैदा ओला झाला की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून जाळं विणायला लागतात. त्याला ग्लुटेन म्हणतात. जितकं ढवळाल तितकं ते जाळं घट्ट होतं. नानला, पावाला, रुमाली रोटीला तेच हवं असतं. वॉफलला ते नको असतं. वॉफलचं पीठ कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंतच हलवायचं, म्हणजे दहाबारा वेढे. गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या, दहा मिनिटं पीठ नुसतं ठेवलं की त्या बऱ्याचशा आपोआप भिजतात. दुसऱ्या रविवारी लेक माझ्या शेजारी उभीच राहिली आणि मी चमचा उचलला की म्हणायची, "इत्ता नक्को फेटो, अब्बा. बस्स."

तिसऱ्या रविवारी अंड्याचं गणित कळलं. पिवळं आणि पांढरं वेगळं करायचं. पिवळं दुधालोण्यात घालायचं. पांढरं कोरड्या, तेलाचा थेंबही नसलेल्या भांड्यात फेटायचं, कारण चरबीचा अंश राहिला तर फेस बसतो. फेटणी वर उचलल्यावर फेसाचं टोक उभं राहिलं की थांबायचं. मग तो फेस पिठात घालताना ढवळायचं नाही, खालून वर घडी घालत न्यायचं. त्या फेसात कोंडलेली हवा तापली की फुगते आणि वॉफल आतून पोकळ, हलका होतो.

चौथ्या रविवारी उरलेल्या दोन गोष्टी समजल्या. एक म्हणजे झाकण उघडायची घाई करायची नाही. मशीनवरचा हिरवा दिवा लागला म्हणून उघडलं तर वॉफलचे दोन तुकडे होतात, अर्धा वरच्या पत्र्याला, अर्धा खालच्या. कडेने निघणारी वाफ कमी होत होत जवळजवळ थांबते, तेव्हा आतलं पाणी गेलेलं असतं. तेव्हा उघडायचं. दुसरी गोष्ट म्हणजे काढलेला वॉफल ताटलीत ठेवायचा नाही. स्वतःच्याच वाफेने तो खालून ओला होतो. जाळीवर ठेवायचा. आमच्याकडे जाळी नव्हती, म्हणून मी पिठाची चाळणी पालथी घातली.

त्या दिवशीचे वॉफल घरात सगळ्यांनी खाल्ले. अम्मीने तिचा मधात बुडवून खाल्ला आणि म्हणाली, "दात नै लगते. अच्छा है." तिच्या वयात याहून मोठी शाबासकी नाही.

मग मी जरा शेफारलो. बकरीदेनंतरचा कीमा डब्यात जपलेला होता, तो पिठात घालून दाबला. खारे वॉफल. मुलांना फार आवडले. ही गोष्ट पुढे महागात पडली.

लेकीचा प्रश्न

नोव्हेंबरात एका संध्याकाळी लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिला काही मागायचं असलं की ती उजव्या पायाने डाव्या पायाची टाच खाजवते. लहानपणापासूनची सवय.

"अब्बा, रविवारी माझ्या तीन मैत्रिणी घरी येणार आहेत." कॉलेजात गेल्यापासून ती माझ्याशी मधूनच मराठीत बोलते.

मला आनंद झाला. आमच्या मोहल्ल्यात, आमच्या घरात, तिच्या मैत्रिणी. मी लगेच म्हणालो, वॉफल करू.

"त्यातली एक जैन आहे. अंडं चालत नाही."

"बिनअंड्याचे करू."

ती गप्प राहिली. टाच खाजवली. मग म्हणाली, "मशीन... नवीन घ्यायचं का? यात आपण कीमा केला होता ना."

मी म्हणालो, "धुतलंय की."

"धुतलंय. पण ते खळगे... तिने विचारलं तर मी काय सांगू?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या मशीनचे पत्रे सुटे होत नाहीत. वरचा थर निघेल म्हणून घासता येत नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, एवढंच. खळग्यांच्या कोपऱ्यात काय राहतं ते मलाही ठाऊक होतं. तरी मला राग आला. मी तिच्यावर ओरडलो नाही, पण "बघू" म्हणालो. आमच्या घरात बापाने 'बघू' म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो ते पोरांना कळतं. ती निघून गेली.

राग तिच्यावर नव्हता. तो बराच जुना होता.

बीएडला असताना आमचा सहा जणांचा गट होता. सराव पाठ, पाठ टाचणं, तक्ते, सगळं आम्ही एकत्र करायचो. एकदा तक्ते रंगवायला गटातल्या एकाच्या घरी जमलो. घरातल्या बाईंनी चहा आणला. पाच कप एकसारखे, निळ्या फुलांचे. सहावा काचेचा ग्लास, कडेला टवका गेलेला. तो माझ्यासमोर ठेवला गेला. कुणी काही बोललं नाही. चहा पिऊन झाल्यावर बाकीचे कप बाई घेऊन गेल्या. ग्लासकडे बघून त्या म्हणाल्या, "तिथे नळ आहे, विसळून खिडकीत ठेवा." मी विसळला. खिडकीत ठेवला. बाहेर आल्यावर मित्राने तक्त्यावरच्या अक्षरांबद्दल काहीतरी विचारलं आणि मी उत्तर दिलं.

वीस वर्षं होऊन गेली. त्या गटातल्या दोघांशी अजून बोलणं आहे. त्यांच्याशी त्या ग्लासाचा विषय मी कधी काढला नाही. पण लेकीने 'वेगळं मशीन' म्हटलं तेव्हा मला तो टवका गेलेला ग्लास दिसला. मी मनात म्हटलं, आता माझ्याच घरात, माझ्याच पैशाने, माझी भांडी बाटलेली ठरणार का?

अम्मीचं पातेलं

रात्री जेवताना बायकोने विषय काढला. तिला लेकीने आधीच सांगितलं होतं. मी म्हणालो, ज्याला आपल्याकडे यायचंय त्याने आपल्या भांड्यात खावं. नसेल खायचं तर पाणी पिऊन जावं.

अम्मी भाकरीचा तुकडा मोडत होती. तिने वर न बघता विचारलं, "माळ्यावर पितळेचं पातेलं आहे ना, छोटं? तेरे को मालूम है वो किसका है?"

मला वाटायचं, ते तिच्या लग्नातलं आहे.

ते तिच्या सासूचं होतं, म्हणजे माझ्या दादीचं. आम्ही तेव्हा जुन्या वाड्यात भाड्याने राहायचो. समोरच्या खोल्यांत एक मास्तरांचं कुटुंब होतं, माळकरी. ईदेला दादी आधी त्या पातेल्यात वेगळं दूध तापवून शीरखुर्मा करायची आणि पहिला वाडगा त्यांच्याकडे जायचा. त्या पातेल्यात कधी गोश्त शिजलं नाही. वर्षभर ते कापडात बांधून माळ्यावर असायचं. मास्तरांच्या आईला तेही चालायचं नाही. त्यांच्यासाठी दादी शेवया, खारीक, साखर आणि सुका मेवा असा कोरडा शिधा पाठवायची. त्या आपल्या चुलीवर करून खायच्या. आणि त्यांच्याकडून दिवाळीला फराळ यायचा, तो आमच्याकडे कुणी कधी वेगळा ठेवला नाही.

मी विचारलं, "दादीला राग नाही यायचा?"

अम्मी म्हणाली, "गुस्सा कायका? मेहमान के दिल में शक रह्या, तो निवाला गले के नीचे उतरता नै."

मग तिने मलाच विचारलं, "तू बाहर खाता तो हलाल पूछता नै क्या?"

विचारतो. गेल्या वर्षी शाळेची सहल गेली होती तेव्हा हॉटेलात मी तीनदा विचारलं होतं, मग नुसता डाळभात मागवला होता. त्या हॉटेलवाल्याचा मी अपमान करतोय असं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

रात्री बराच वेळ झोप आली नाही. त्या ग्लासात आणि या पातेल्यात फरक काय, हे मी स्वतःला विचारत राहिलो. दोन्ही वेगळी भांडीच. पण तो ग्लास पाहुण्यासाठी ठेवलेला नव्हता, पाहुण्यापासून घर वाचवायला ठेवलेला होता. ते पातेलं दादीने पाहुण्यासाठी राखलं होतं. मला तेव्हा हे पटलं. तो ग्लास विसरलो, असं मात्र मी म्हणणार नाही.

सकाळी उठून मी लेकीला सांगितलं, मशीन आणतो. मी अठराशे रुपये घेऊन गेलो आणि लहान, गोल वॉफलचं मशीन घेऊन आलो.

पुन्हा पहिलीपासून

अंडं काढलं की वॉफलमधून तीन गोष्टी जातात. हवा धरणारा फेस, पीठ बांधून ठेवणारा चिकटपणा आणि वरचा सोनेरी रंग. त्या तिन्हींची सोय दुसरीकडून करावी लागते.

हवेसाठी आंबट आणि सोडा. दह्यातलं आम्ल आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे होतात. पण इथे मी पहिल्याच दिवशी फसलो. परदेशी पाककृतीत 'बटरमिल्क' लिहिलेलं असतं. मी आपलं घरचं ताक घातलं. आपलं ताक म्हणजे पाणी जास्त. त्यांचं बटरमिल्क घट्ट असतं. पीठ आमटीसारखं झालं, वॉफल पापडासारखे. दुसऱ्या दिवशी एक कप दही आणि अर्धा कप पाणी घुसळून घेतलं, तेव्हा जमलं. सोडा जास्त पडला तर मात्र साबणासारखी चव येते आणि रंग पिवळट होतो. तेही एकदा झालं. ते वॉफल आमच्या गल्लीतल्या बकऱ्यांनी खाल्ले, आणि त्यांनीही जरा विचार करून.

सोडा दह्याला लागताच काम सुरू करतो, पीठ तासभर ठेवलं तर त्याचा जोर संपतो. म्हणून जोडीला बेकिंग पावडर. बहुतेक बेकिंग पावडरी दुहेरी काम करतात. थोडा वायू ओलाव्याने सुटतो, उरलेला उष्णतेने. झाकण बंद झाल्यावरचा फुगवटा तिच्यामुळे.

कुरकुरीतपणासाठी मैद्यात थोडं कॉर्नफ्लोर. त्यात ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ चिवट होत नाही. लोण्याऐवजी तेल घातलं तर कड जास्त वेळ कुरकुरीत राहते, कारण लोण्यात पाण्याचा अंश असतो. रंगासाठी दोन चमचे दूध पावडर. साखर वाढवून रंग येतो, पण मग वॉफल चिकटतो.

मग नियमांची यादी. लेकीने मैत्रिणीला फोन करून विचारलं. अंडं नको. मध नको, मला वाटत होतं मधाला कुणाची ना असेल! पण जैनांच्या घरी मध चालत नाही. मी वर्गात 'अन-नहल', म्हणजे मधमाशी हे कुरआनातल्या एका सूरहचं नाव असल्याचं सांगतो, आमच्याकडे मध म्हणजे शिफा. तर मध बाजूला, गुळाचा पाक. दही शिळं नको, ताजं. आणि संध्याकाळी सूर्य मावळण्याआधी खाणं आटपायला हवं.

आता आमची यादी. लेकीने दुकानातून आणलेल्या व्हॅनिलाच्या बाटलीवर मी चष्मा लावून बघितलं. खऱ्या व्हॅनिलाचा अर्क अल्कोहोलमध्ये काढतात. अम्मीच्या घरात ती बाटली राहणार नव्हती. म्हणून वेलची. चॉकलेट सॉस आणि क्रीमच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिला. त्या ठिपक्याचं मला नेहमी बरं वाटतं. जिलेटिन कुठल्या जनावराचं, हा आमचा प्रश्न आणि जनावराचंच का, हा त्यांचा, दोन्ही त्या एका ठिपक्यात मिटतात.

एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली. खाण्यापिण्यावर इतके नियम बाळगणारी माणसं एकमेकांना खरं तर लवकर समजायला हवीत. सूर्य कधी मावळतो हे मिनिटावर बघणारी दोन घरं या गावात असतील, तर एक त्यांचं आणि एक आमचं. त्यांचं जेवण त्या मिनिटाला बंद होतं, आमचा रोजा त्या मिनिटाला सुटतो.

स्वीडनमध्ये 25 मार्चला वॉफल खायचा दिवस असतो. मुळात तो मेरीचा सण, आमच्या बीबी मरियमचा. त्याचं स्वीडिश नाव 'वोरफ्रूदागेन'. लोकांच्या तोंडी ते घसरत घसरत 'वोफेलदागेन' झालं, म्हणजे वॉफलचा दिवस, आणि लोक खरंच त्या दिवशी वॉफल करू लागले. त्याआधी कित्येक शतकं युरोपात दोन लोखंडी पत्र्यांत पीठ दाबून चुलीवर भाजायचे, चर्चमधल्या प्रसादाच्या पातळ चकत्याही अशाच नक्षीच्या पत्र्यांत व्हायच्या. 1869 साली अमेरिकेत ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी शेगडीवर ठेवून उलटता येणाऱ्या वॉफलच्या साच्याचं पेटंट घेतलं, म्हणून जाळावर हात भाजणं कमी झालं. हे सगळं मी शनिवारी रात्री पीठ मोजताना लेकीला सांगत होतो. ती म्हणाली, "अब्बा, उद्या हे त्यांना सांगू नका."

रविवार

चार वाजता येणार होत्या. तीन वाजता जैन मैत्रिणीच्या आईचा फोन आला, माझ्या बायकोच्या मोबाइलवर. बाई अवघडून बोलत होत्या. "ताई, राग मानू नका हं. मुलगी म्हणाली, तुम्ही सगळं बघून करताय. तरी विचारते, अंडं नसेल ना?" बायकोने त्यांना नव्या मशीनचं सांगितलं. पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, "अहो, एवढं कशाला केलंत!"

तिघी आल्या. एक लगेच अम्मीच्या पाया पडली, अम्मी गोंधळली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून दुआ पुटपुटली. जैन मुलगी स्वयंपाकघरातच येऊन उभी राहिली. मी पीठ कालवत होतो. ती म्हणाली, "काका, गुठळ्या राहिल्यात."

लेक म्हणाली, "राहू दे. तशाच ठेवायच्या असतात."

पीठ घातलं, झाकण लावलं. वाफ निघाली. त्यांनी उघडायची घाई केली, लेकीने हात धरला. वाफ थांबली, झाकण उघडलं आणि गोल, सोनेरी वॉफल अलगद सुटून आला. त्या मुलीने वेलचीचा वास घेतला आणि म्हणाली, "आमच्या श्रीखंडासारखा वास येतोय." तिने दोन खाल्ले. पाया पडलेल्या मुलीने तीन. मधे एकदा वीज गेली, तेव्हा पिठाचं भांडं झाकून सगळे गच्चीवर गेले आणि अर्ध्या तासाने पुन्हा बसले. नंतरचे वॉफल थोडे बसके झाले. सोड्याचा जोर संपला होता, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

तिसरीने काही खाल्लं नाही. आज माझा उपवास आहे, म्हणाली. पाणी प्यायली, तेही स्वतःच्या बाटलीतलं. ती हसत होती, बोलत होती, अम्मीकडून तिने मेंदीचा कोनही घेतला. तिचा खरंच उपवास असेल. नसेलही. मी लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिला काय वाटलं ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. काही गोष्टी तिच्या तिला ठरवू देणं मला जमायला हवं.

पाच वाजून वीस मिनिटांनी जैन मुलीचे वडील न्यायला आले. सूर्य अजून होता. ते चपला काढून आत आले, पाच मिनिटं बसले आणि एक वॉफल त्यांनीही खाल्ला.

प्रमाण

ज्यांना करून बघायचेत त्यांच्यासाठी, मध्यम आकाराचे साधारण सहा वॉफल:

मैदा दीड कप, कॉर्नफ्लोर पाव कप, दूध पावडर दोन मोठे चमचे, साखर दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर दोन छोटे चमचे, खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, वेलची पूड अर्धा छोटा चमचा. हे सगळं दोनदा चाळून घ्या. एक कप ताजं दही, अर्धा कप पाणी आणि पाच मोठे चमचे बिनवासाचं तेल घुसळून घ्या. मशीन आधी पूर्ण तापू द्या. ओलं कोरड्यात घाला, दहाबारा वेढ्यांत थांबा, दहा मिनिटं ठेवा. पीठ पळीतून जाडसर धारेने पडायला हवं, फार घट्ट असेल तर दोन चमचे पाणी. पुढे पुन्हा ढवळू नका. वाफ थांबेपर्यंत झाकण उघडू नका. काढलेला वॉफल जाळीवर.

हेच मी कागदावर मराठीत लिहून त्या मैत्रिणीच्या आईला पाठवलं होतं. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, यावेळी माझ्या मोबाइलवर.

"सर, तुमच्यासारखे हलके नाही झाले हो. चिवट झाले. सगळं तुम्ही लिहिल्याप्रमाणेच घातलं."

मी विचारलं, "ताई, ढवळलं किती?"

"गुठळ्या जाईपर्यंत."

शेजारी लेक अभ्यास करत बसली होती. ती हसायला लागली.